छर्रा स्वस्त कसा पडेल? सातारा-सांगलीच्या नव्या नेमबाजांसाठी

नेमबाजीकडे वळणाऱ्या पोरांच्या मोबाइलवर हल्ली परदेशी व्हिडिओ हमखास असतात. कुणीतरी गॅरेजमध्ये बसून रिकामी काडतुसं साफ करतोय, दारू मोजून भरतोय, वर गोळी बसवतोय आणि शेवटी सांगतोय की निम्मा खर्च वाचला. ते पाहून तासगाव, कऱ्हाड, विट्याकडची मुलं विचारतात, आपल्याकडे हे सामान कुठं मिळेल?

याचं उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचं वाचताना मनात घोळ राहणार नाही. आपल्याकडे हा घरगुती उद्योग नाही. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा तुरुंगाची आहे. शिवाय नवा नेमबाज पुढं ज्या .२२ रायफलकडे जातो, तिचं काडतूस पुन्हा भरण्यासारखं नसतंच. त्यातला स्फोटक मसाला बुडाच्या कडेत असतो. एकदा पिन बसली की ती कड चेपते आणि काडतुसाचं काम संपतं. रेंजवर पडलेली पुंगळी खिशात घालून घरी आणू नका. रेंजवर तिचा हिशेब असतो.

मग स्वस्तात नेमबाजी कशी करायची? आपल्या भागात त्याचा रस्ता एकच आहे, दहा मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूल. या रस्त्यावर खर्च कमी करायला भरपूर वाव आहे, फक्त तो नेमका कुठं होतो हे कळलं पाहिजे. पालक बंदुकीच्या किमतीला घाबरतात. ती किंमत मोठी असते हे खरं, पण ती एकदाच द्यावी लागते. छर्रे मात्र महिन्यामागून महिने घ्यावे लागतात. म्हणून या लेखात छर्ऱ्यांवर जास्त बोलणार आहे.

आधी रेंज, मग खरेदी

दुकानात जायच्या आधी महिनाभर तरी एखाद्या क्लबच्या बंदुकीवर सराव करा. साताऱ्याला असाल तर शाहू स्टेडियमजवळ जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचं कार्यालय आहे, तिथं विचारा. सांगलीकरांनीही आपल्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून सुरुवात करावी. शालेय स्पर्धा हेच कार्यालय घेतं, त्यामुळे कोणत्या शाळेत, कोणत्या क्लबात एअर रायफल आहे हे त्यांना माहीत असतं. कॉलेजात एनसीसी असेल तर तिथंही फायरिंगची ओळख होते. मोठी रेंज बघायची तर सांगलीहून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि साताऱ्याहून पुण्याचं बालेवाडी शंभर-सव्वाशेच्या आत. एकदा तरी जाऊन या. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिसला २०२४ साली कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, तिघंही कोल्हापूर जिल्ह्यातले. आपल्या पोरांना हे अंतर फार वाटू नये.

या महिनाभरात मुलाला रायफल आवडते की पिस्तूल हे ठरतं. हे ठरण्याआधी घेतलेली प्रत्येक वस्तू वाया जाऊ शकते. स्पर्धेच्या रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकतं, पिस्तूल दीड किलोच्या आत असावं लागतं. बारा वर्षांच्या अंगाला हा फरक लगेच जाणवतो. पिस्तुलाला नेमबाजीचं खास जाड जाकीट, पँट लागत नाही, हेही लक्षात ठेवा. घरची बेताची परिस्थिती असेल आणि मुलाला दोन्ही सारखंच आवडत असेल, तर मी पिस्तूल सुचवतो.

बंदूक: थोडक्यात

४.५ मिलिमीटरची (.१७७ ची) आणि २० ज्यूलच्या (ज्यूल म्हणजे छर्ऱ्याच्या जोराचं माप) आतली एअरगन शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवान्याशिवाय घेता येते. स्पर्धेच्या बंदुका याच्या कितीतरी आत असतात, साधारण सहा ते आठ ज्यूल. दुकानदार ओळखपत्राची प्रत मागेल, ती द्या आणि पक्कं बिल घ्या. मूल अल्पवयीन असेल तर खरेदी आईवडिलांच्या नावावर करा. बिलाची एक प्रत बंदुकीच्या पेटीतच ठेवा. एसटीतून नेताना बंदूक रिकामी, पेटी बंद, सोबत बिल आणि क्लबचं पत्र, एवढं असलं की वाटेत कुणाला उत्तर द्यायला अडचण येत नाही.

शालेय स्पर्धांत ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम धरायची रायफल), पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची रायफल) आणि एअर पिस्तूल असे प्रकार असतात. ओपन साइट हा सगळ्यात स्वस्त. देशी बनावटीची स्प्रिंगची रायफल त्यासाठी चालते. पीप साइटला हवेच्या सिलिंडरची, प्रीचार्ज्ड बंदूक लागते. ती जुनी घेणार असाल तर सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा. या सिलिंडरची मुदत बहुधा दहा वर्षं असते. मुदत संपलेला सिलिंडर भरणं धोक्याचं आहे आणि स्पर्धेतही तो मुदतीत ठेवण्याची जबाबदारी खेळाडूची असते. विकणारा ‘अजून चांगला चालतोय’ म्हणाला तर नव्या सिलिंडरची किंमत वजा करून भाव ठरवा. सिलिंडरमध्ये फक्त कोरडी हवा भरायची. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन कधीही नाही, त्याने स्फोट होऊ शकतो.

छर्रे: खरा हिशेब इथं आहे

दुकानात गेल्यावर ‘छर्रे द्या’ म्हटलं की टोकदार छर्रे पुढ्यात येतात, कारण आपल्याकडे एअरगन घेणारे बरेच जण द्राक्षबागेतली पाखरं किंवा कौलांवरची माकडं डोळ्यासमोर ठेवून घेतात. पाखरांवर, माकडांवर बंदूक चालवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि ते टोकदार छर्रे कागदावरही कामाचे नाहीत. त्यांनी कागद फाटतो, भोक नीट उमटत नाही आणि गुण मोजता येत नाहीत. तुम्हाला हवेत सपाट डोक्याचे, कंबर बारीक असलेले छर्रे. ते कागदाला पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडतात. दुकानात ‘मॅच पेलेट’ किंवा ‘फ्लॅट हेड’ म्हणा.

मॅचचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो. डबा बहुतेक पाचशे छर्ऱ्यांचा येतो. आरडब्ल्यूएस, एच अँड एन या जर्मन कंपन्या, झेक जेएसबी, चिनी क्यूवायएस ही नावं रेंजवर सतत कानावर पडतील. प्रत्येक कंपनीचा सरावाचा एक साधा छर्रा असतो आणि स्पर्धेचा एक महाग. नवख्याला वाटतं महागाचा घेतला की गुण वाढतील. हा समज खिशाला फार लागतो, म्हणून तो आकड्यांनी तपासून बघू.

एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. छर्ऱ्याचं भोक ४.५ मिलिमीटरचं. भोकाची कड ठिपक्याला नुसती टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटर सरकला तरी दहा. आता तुमची बंदूक टेकूवर ठेवून झाडलेले पाच छर्रे एका बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाहेरच्या कडेपर्यंत सात मिलिमीटरच्या आत बसत असतील, तर त्या छर्ऱ्यामुळे तुमचा एकही दहा जात नाही. जे जातात ते हाताच्या कंपामुळे आणि ट्रिगर ओढताना दिलेल्या झटक्यामुळे जातात. पिस्तुलाचं तर विचारूच नका. तिथं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे मध्य आठ मिलिमीटर सरकला तरी दहा. पिस्तूलवाल्या नवख्याने महाग डब्याकडे बघायची गरजच नाही.

पुढं दशांशात गुण मोजायची वेळ येईल, १०.२ आणि १०.७ मधला फरक महत्त्वाचा ठरेल, तेव्हा महाग छर्रे घ्या. तोवर सरावाचे पुरेत.

टेकूची चाचणी मात्र जरूर करा. चार वेगवेगळ्या प्रकारचे छर्रे मित्रांकडून पन्नास-पन्नास मागून घ्या, नाहीतर क्लबात विचारा. टेबलावर वाळू भरलेल्या दोन पिशव्या ठेवा, एक पुढं हात धरतो त्या भागाखाली, एक मागं दस्त्याखाली. पिशवी जुन्या जीन्सच्या पायाची शिवली तरी चालते, वाळू मात्र चाळून आणि वाळवून घ्या. नळी कशालाही टेकू देऊ नका. आधी पाच-सहा छर्रे असेच जाऊ द्या, मग टार्गेटच्या एका कार्डावर पाच, दुसऱ्यावर पाच, अशी प्रत्येक प्रकाराची पाच कार्डं करा. कार्डाच्या मागं छर्ऱ्याचं नाव, डोक्याचं माप आणि लॉट नंबर (छर्रे कारखान्यात ज्या खेपेत बनले तिचा क्रमांक) लिहा. पाचही कार्डांवरचा पसारा पट्टीने मोजा. एखाद्या कार्डाचं नशीब चांगलं असतं, म्हणून एकावरून ठरवू नका. चाचणी झाली की अनेकदा दिसतं की मधल्या किमतीचा डबा महागाच्या बरोबरीने बसतोय. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, त्यामुळे दुसऱ्याच्या बंदुकीला मानवलेला छर्रा तुमच्या बंदुकीला मानवेलच असं नाही.

डोक्याचं माप म्हणजे डब्यावर लिहिलेला ४.४९, ४.५० असा आकडा. एक शतांश मिलिमीटरचा हा फरक काही नळ्यांत दिसतो, काहींत नाही. नवख्याने ४.५० घेऊन पुढं जावं. लॉट नंबरकडे मात्र लक्ष द्या. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा छर्रा पुढच्या लॉटमध्ये जरा वेगळा बसू शकतो.

इथंच आपल्या भागातली एक जुनी सवय उपयोगी पडते, भिशी. एकट्याने महिन्याला एक डबा मागवला की कुरियरचा खर्च प्रत्येक डब्यावर बसतो, दर वेळी लॉट बदलतो आणि ऐन स्पर्धेच्या तोंडावर दुकानदार ‘माल संपलाय’ म्हणतो. तेच पाच-सहा घरांनी मिळून तीन महिन्यांची मागणी एकदम नोंदवली तर कुरियर एकदाच, लॉट एकच, आणि घाऊक खरेदीत भावही थोडा उतरतो. ज्यांच्या घरी वही नीट ठेवली जाते अशा एखाद्या काकूंकडे हिशेब द्या. सांगली, मिरज, इस्लामपूर, कऱ्हाड, सातारा या पट्ट्यात एसटीने डबा पोचवणं अवघड नाही. मागणी नोंदवण्याआधी पुण्या-मुंबईच्या दोन-तीन विक्रेत्यांना फोन करून पोच किंमत विचारा, नुसती डब्याची किंमत नको. तुलना नेहमी एका छर्ऱ्यामागे करा. समजा पाचशेचा डबा पोच हजाराला पडला, तर एक छर्रा दोन रुपयांचा. अडीचशेचा डबा सहाशेला मिळत असेल, तर दिसायला स्वस्त पण छर्रा दोन रुपये चाळीस पैशांचा.

डबा आला की उघडून बघा. स्वच्छ पांढऱ्या कागदावर मूठभर छर्रे पसरा आणि खिडकीच्या उजेडात एकेक करून बुडाची कड न्याहाळा. बूड पातळ असतं, कुरियरमध्ये आपटून चेपतं. कड गोल नसेल, चिरा किंवा शिशाचा लोंबता तुकडा असेल तर तो छर्रा बाजूला काढा. हवा बुडात शिरून त्याला नळीला घट्ट चिकटवते. बूड वाकडं असेल तर हवा एका बाजूने निसटते आणि छर्रा भरकटतो. बाजूला काढलेले थोडे कमी चेपलेले छर्रे फेकू नका. सरावाच्या आधी साइट जुळवताना किंवा नव्या मुलाला बंदूक भरायला शिकवताना ते चालतात. एकदा झाडलेला छर्रा मात्र परत वापरायचा नाही, तो नळी खराब करतो.

किती छर्रे लागतात, आणि कमी कसे करायचे

मोठी स्पर्धा साठ छर्ऱ्यांची, त्याआधी साइट जुळवायला पंधरा-वीस. म्हणजे पूर्ण सराव ऐंशीचा. आठवड्यातून चार दिवस असा सराव केला तर महिन्याला तेराशेच्या आसपास छर्रे, अडीच डबे. पहिल्या वर्षी एवढ्याची गरज नाही. आठवड्याला तीन दिवस पन्नास-पन्नास झाडा, बाकीचा वेळ कोरडा सराव करा. महिन्याला सहाशे-साडेसहाशेत भागतं.

कोरडा सराव म्हणजे छर्रा न भरता उभं राहणं, नेम धरणं, ट्रिगर ओढणं आणि ओढल्यावरही नेम दोन सेकंद तसाच धरून ठेवणं. बहुतेक मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, बंदुकांना यासाठी वेगळी सोय असते. स्प्रिंगच्या रायफलवर मात्र हे करू नका. छर्रा नसला की पिस्टन आत जोरात आदळतो आणि सील खराब होतं. स्प्रिंगवाल्यांनी ती न ताणता नुसता नेम धरण्याचा सराव करावा. मोठे नेमबाजही घरी भिंतीवरच्या ठिपक्याकडे तासन्‌तास नेम धरून उभे राहतात. याला पैसा लागत नाही, संयम लागतो, आणि गुण यानेच वाढतात.

कार्डं लग्नपत्रिकावाल्याकडून

रायफलचं अधिकृत कार्ड ८० बाय ८० मिलिमीटर, त्यातला काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा. पिस्तुलाचं कार्ड १७० बाय १७०, काळा गोल ५९.५ चा. सरावासाठी हे कार्ड गावातल्या लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून करून घ्या. त्याच्याकडे जाड कागदाचे कापून उरलेले तुकडे पडून असतात, ८० मिलिमीटरचा चौकोन त्यातून सहज निघतो. लग्नसराई उरकल्यावर जा, तो वेळ देईल. कागद मॅट मागा. चकचकीत कागदावर उजेड परावर्तित होतो आणि भोकाची कड फाटते. छापायच्या आधी त्याच्या दोन-तीन जातींच्या कागदावर एकेक छर्रा मारून बघा, भोक गोल उमटेल तो कागद पक्का करा. पहिला नमुना आला की काळा गोल पट्टीने मोजा, संगणकावरून छापताना आकृती थोडी लहान-मोठी होण्याची चूक फार सहज होते. स्पर्धा जवळ येईपर्यंत अधिकृत छापील कार्डं वापरायचीच नाहीत, ती शेवटच्या पंधरवड्यासाठी ठेवा.

घरची जागा

दहा मीटर लांबीची, पलीकडे कुणी येणार नाही अशी बंदिस्त जागा हवी. सुगी नसताना रिकामी बेदाण्याची शेड, वाड्याचा लांब सोपा, गोठ्यामागची पक्की भिंत, यातलं काहीही चालेल. छर्रे झेलायला लाकडी खोकं करा, त्यात जुनी वर्तमानपत्रं दाबून भरा आणि मागं पत्र्याची जाड प्लेट तिरकी लावा. उभ्या सरळ प्लेटवरून छर्रा उलटून येतो, म्हणून प्लेट वरून पुढं झुकलेली हवी, म्हणजे छर्रा खाली पडतो. टार्गेटची उंची जमिनीपासून १.४ मीटर. टार्गेटवर एक चांगला एलईडी दिवा टाका, बाकी जागा साध्या उजेडात ठेवा. डोळ्याला चष्मा सगळ्यांनी लावायचा, बघणाऱ्यांनीही. कुणी टार्गेटकडे जात असेल तेव्हा बंदूक उघडी, रिकामी आणि खाली ठेवलेली पाहिजे. या नियमाला कुठल्याच वयात सूट नाही.

छर्रा शिशाचा असतो आणि शिसं अंगात जाणं मुलांना फार घातक. छर्रे तोंडात धरून एकेक भरायची सवय काही मुलांना लागते, ती पहिल्याच दिवशी मोडा. सरावाच्या जागी खाऊ नका, सराव झाला की साबणाने हात धुवा, मगच जेवणाचा डबा उघडा. खोक्यातलं शिसं झाडूने झाडण्याआधी पाणी शिंपडा, साठलं की भंगारवाल्याला द्या. ते घरी चुलीवर वितळवू नका. धूर दिसत नसला तरी तो घरात पसरतो.

पावसाळ्यात पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे ओल इतकी असते की छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी धरते. डबा झाकण घट्ट असलेल्या बरणीत ठेवा, सोबत चप्पल-बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. भुकटी धरलेले छर्रे बाजूला काढा.

जाकीट, आणि मग स्पर्धा

रायफलवाल्यांना जाकीट लागतंच, पण पहिल्या वर्षी क्लबचं वापरा. वाढत्या मुलाला नवं शिवलं तर वर्षा-दीड वर्षात आखूड होतं. जुनं घ्यायचं असेल तर अंगाला बसतंय का ते बघा, आणि कापड फार ताठ झालं असेल तर स्पर्धेच्या तपासणीत ते नाकारलं जाऊ शकतं. जाडी आणि ताठपणा दोन्ही यंत्राने मोजतात. नेम न धरणाऱ्या डोळ्यावरची पट्टी घरी पुठ्ठ्याची करता येते, ती ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको.

शाळा सुरू झाल्यावर जिल्हा शालेय स्पर्धांच्या नोंदणीकडे लक्ष ठेवा. नोंदणी शाळेमार्फत होते, म्हणून क्रीडाशिक्षकांना आधीच भेटून नेमबाजीचं नाव यादीत आहे का ते विचारा, बऱ्याच शाळांना हा खेळ यादीत असल्याचंच माहीत नसतं. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट असतात. भिशीची मोठी मागणी या स्पर्धांच्या दीड-दोन महिने आधी नोंदवा, म्हणजे ज्या लॉटवर सराव झाला त्याच लॉटचा एक न फोडलेला डबा स्पर्धेच्या दिवशी मुलाच्या पेटीत असेल.